बैलाच्या वाट्याची हाक

शिरूर कासारकडून दूरच्या कारखान्यांवर ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. गहिनीनाथ आणि छबुबाईचा कोयता बावीस वर्षं चालला. तो ऊस तोडायचा, ती मोळ्या बांधायची, आणि दिवसभर त्याचं एकच चालायचं, छबे पाणी दे, छबे दोर आण. अशानं नाव झिजंल माझं, असं ती वैतागून म्हणायची.

गेल्या माघात फडातच त्याच्या उजव्या हातातून कोयता गळाला. तोंड वाकडं झालं, बोलणं बोबडं झालं. मोठा दवाखाना अर्ध्या तासावर होता. पण आपल्या माणसांचं शहाणपण बघा! अंगावरून वारं गेलं म्हणाले, आणि वाऱ्याला तेल देणारा गावाकडचाच चांगला म्हणून त्याला जीपमध्ये घालून दिवसभराची वाट कापली. छबुबाईनंही मान डोलावली. तिसऱ्या दिवशी बीडच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी गुठळीनं बंद झाली, उजवं अंग आणि बोलणं तिथूनच चालतं. साडेचार तासांच्या आत आणलं असतं तर कदाचित इंजेक्शननं गुठळी विरघळली असती. ते मान डोलावणं छबुबाईला अजून सलतं.

आता त्याला सगळं समजतं, शब्द तेवढे सापडत नाहीत. चहा मागायचा तरी नुसतं "ते... ते" होतं. एका सांजेला मात्र गाडीच्या जोडीतल्या हौश्या बैलानं दावं ओढलं आणि ओसरीवरून खणखणीत हाक आली, "हौश्या!"

छबुबाई हातातलं टाकून धावली. हजारदा तोंडातून गेलेलं कधी आपसूक बाहेर पडतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्याच होत्या. तिनं त्याचं तोंड ओंजळीत धरलं.

"आता माझं नाव घ्या."

"ते... ते..." त्याचे डोळे भरून आले. तिला बैलाचा हेवा वाटला. हसणाऱ्यानं खुशाल हसावं, पण सवयीची हाक बंद पडली की कान उपाशी राहतात.

गाडी जुंपणारा अंथरुणाला खिळला, वैरण झेपेना, तेव्हा दिवाळीनंतर दीर बंकट बैलजोडी आपल्या गोठ्यात घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी छबुबाई अंगण झाडत होती. गहिनीनाथ बराच वेळ रिकाम्या दावणीकडं बघत राहिला.

"हौश्या," त्यानं हाक मारली. थोडं थांबून पुन्हा मारली.

छबुबाईनं खराटा खाली ठेवला.

"ओ," ती म्हणाली, "आले."