झोपेसाठी एक गाव

शनिवार-रविवारला जोडून सोमवारची सुट्टी आली, की पुण्या-मुंबईकडची आमची भाचरं मला फोन करतात. मामा, तुमच्या भागात दोन-तीन दिवस कुठं जावं ते सांगा. मी सांगतो. सांगायला माझं काय जातंय. बेळगावपासून निपाणीपर्यंत आणि इकडं खानापूरच्या रानापर्यंत असं एक गाव नाही, जिथं मी पाण्याचा पंप विकलेला नाही. ह्या भागात आधी विहिरी झाल्या की आधी मी आलो, याबद्दल जाणत्या लोकांत अजून मतभेद आहेत.

नंदगडला जा, म्हणतो. तिथली शांतता अशी, की वडाचं पान गळायचं मनात आणतं तेव्हाच ऐकू येतं. एक मुंबईचा पाहुणा तिथं राहून परत गेला आणि त्याला स्वतःच्या बायकोचं बोलणं ऐकू यायला लागलं. त्या बाईनं खूश होऊन माझ्या बायकोला साडी पाठवली. काकतीला जा. शहराला चिकटलेलं गाव, पण डोंगरावरचा वारा असा, की सकाळी वाळत घातलेलं धोतर संध्याकाळी हुक्केरीत सापडतं. संकेश्वरची मिरची नुसती लांबून बघितली तरी महिनाभराची सर्दी जाते. आणि निपाणीत तंबाखूच्या वखारींवरून चालताना माणूस शिंकला नाही, तर लोक त्याला धरून डॉक्टरकडं नेतात.

भाचरं हसतात आणि जातात. परत येऊन सांगतात, मामा, गावं छान होती, धोतर मात्र काही उडालं नाही. मी म्हणतो, तुम्ही चुकीच्या दिवशी गेलात.

पण मी स्वतः ह्या गावांत सुट्टीसाठी म्हणून एकदाच गेलो. आमच्या मुलीचं लग्न झालं, त्यानंतर.

बेळगावच्या टिळकवाडीतलं आमचं घर तसं लहान, पण लग्नाच्या त्या दिवसांत निम्मा तालुका त्यात झोपला. माळ्यावर झोपले, जिन्यावर झोपले, एक लांबचे आप्पा तर कपाटाच्या वर झोपले असं म्हणतात, मी प्रत्यक्ष बघितलं नाही. झोपली नाही ती फक्त माझी बायको. लग्न पार पडलं, मुलगी सासरी गेली, पाहुणे गेले, पण बायकोची झोप काही परत आली नाही. ती पाहुण्यांबरोबर कुणाच्या तरी पिशवीतनं निघून गेली असावी.

त्यात आमच्याकडची रीत. ज्यांना लग्नाला येता आलं नाही, ते नंतर घरी येऊन मुलीच्या आईची ओटी भरतात. नारळ, तांदूळ, ब्लाऊजपीस. आता ओटी भरायला आलेल्या माणसाला नुसत्या पाण्यावर कसं पाठवायचं? चहा आला, पोहे आले, आणि बसलाच आहात तर जेवूनच जा आलं. बायको जरा पाठ टेकायला गेली की बेल वाजायची. पुढं पुढं बेल वाजली नाही तरी ती उठायला लागली. एका दुपारी मी आत आलो तर तिनं रिकाम्या सोफ्यासमोर चहाचे कप मांडलेले. घरात आम्ही दोघंच. तिनं कपांकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि खाली बसून रडली. मी वाढवून सांगणारा माणूस आहे हे सगळ्यांना माहीत आहे. ह्यात काही वाढवलेलं नाही.

डॉक्टर म्हणाले, रक्तदाब चढलाय, गोळ्या देतो, पण खरं औषध झोप. ती म्हणाली, "मला बघायचं काय न्हाय. डोंगर नको, देऊळ नको. मला झोपायचंय. जिथं मला कुणी ओळखत न्हाय असं एक गाव दाखवा. न्हायतर मी हुबळीला बहिणीकडं जाते, आणि कधी येणार ते इचारू नका."

मी छातीवर हात मारला. गावं दाखवणं माझं काम. घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, की आम्ही दोघं सुट्टीला गोव्याला चाललोय, तीन दिवस घर बंद. म्हणजे बघा डोकं. सगळे म्हणणार गोवा, आणि आम्ही जाणार बरोबर उलट्या दिशेला, निपाणीला, लॉजवर. पुढच्या दाराला हे एवढं कुलूप लावलं. ते कुलूप बघून चोराला सुद्धा आपण लहान आहोत असं वाटलं असतं.

शहर मागं पडतंय न पडतंय तोवर काकती आली. नुसता चहा घ्यायला गाडी थांबवली, उतरलो सुद्धा नाही. कपाला तोंड लावायच्या आत काचेवर टकटक. माझं जुनं गिऱ्हाईक. वाकून आत बघत म्हणाला, "अण्णा, गोव्याला हिकडनं जातात व्हय?"

तोसुद्धा त्या ग्रुपवर होता हे मला माहीत नव्हतं. वाट चुकलो म्हणालो. आयुष्यभर ह्या रस्त्यावर मोटारसायकल घासलेला माणूस घरापासून हाकेच्या अंतरावर वाट चुकला, आणि त्यानं ते खरं मानलं, कारण खऱ्याखोट्याशी त्याला देणंघेणंच नव्हतं. आम्हाला घरी नेलं. त्याच्या बायकोनं पाट मांडला. पहिला नारळ.

पुढं संकेश्वरपर्यंत रस्ता असा मऊ, की बायकोची मान खिडकीला टेकली. डोळे मिटले. मी श्वास घ्यायचं बंद केलं. गिअर सुद्धा विनंती करून बदलत होतो. एवढ्यात एक मोटारसायकल हॉर्न वाजवत मागनं आली, पुढं गेली, आणि वरचा माणूस हात आडवा करून थांबला. ह्याच्या विहिरीत माझा पंप अजून चालतोय. त्याचं बोलणं निम्मं मराठी, निम्मं कन्नड. "बर्री, बर्री, या की घरी," म्हणत दार उघडून बायकोच्या पाया पडला. ती दचकून जागी झाली. लग्नाला यायला जमलं नाही म्हणून घरचे सगळे हळहळत होते, आणि आता देवानंच गाडी दारात आणली म्हणाला. देवानं नाही, मी आणली होती, पण बोललो नाही. दुसरा नारळ. शेजारच्या दोन घरांनी ऐकलं, त्यांचे वेगळे.

निपाणी येईतो डिकीत इतके नारळ झाले, की गाडीचं नाक आभाळाकडं आणि मागची चाकं नरसोबाला दंडवत घातल्यासारखी. तवंदी घाटात वळण आलं की सगळे नारळ उजवीकडं गडगडायचे, पुढच्या वळणाला डावीकडं. बायको डोळे मिटायची, आणि गडगडाट झाला की उघडायची.

लॉजच्या काउंटरवर मी मान खाली घालून, आवाज बदलून खोली मागितली. आतनं मालक बाहेर आले. जैन घराणं, शेती आणि व्यापार दोन्ही, आणि त्यांच्या मळ्यात पंप कुणाचा ते आता सांगायला नको. त्यांनी माझ्या हातातनं बॅगच काढून घेतली. "आमच्या गावात यायचं आणि लॉजवर ऱ्हायचं? आम्ही काय मेलोय व्हय?"

मी म्हणालो, अण्णा, हिला झोप हवी आहे, आम्हाला कुणी ओळखू नये म्हणून आलोय. ते मला दारात घेऊन गेले आणि गाडीच्या मागच्या काचेकडं बोट केलं. "लेकीचं आणि जावयाचं नाव हातभर अक्षरात काचंवर चिकटवून फिरताय. वर शुभविवाह. आणि म्हणताय कुणी ओळखू नये."

लग्नाच्या दिवशी थर्मोकोलची लाल अक्षरं लावली होती, ती तशीच. ह्या भागात गाव तेवढं माझ्या ओळखीचं, आणि त्या जोडीच्या लग्नाची पत्रिका गावागावांत गेलेली. बायकोनं माझ्याकडं बघितलं. ती काढा म्हणून तिनं कितीदा सांगितलं होतं, आणि डिंक लई घट्ट आहे असं मी सांगत आलो होतो. डिंक घट्ट नव्हता. मी ब्लेड घेऊन बसलो होतो एकदा. मुलीच्या नावाच्या पहिल्या अक्षराला ब्लेड लावलं आणि परत खिशात ठेवलं.

मालकांच्या घरी माणसं मोठी प्रेमळ. जेवण सूर्य मावळायच्या आत, त्यांच्या रिवाजाप्रमाणं. मला वाटलं, आता लवकर निजानीज होईल. पण लवकर जेवण म्हणजे गप्पांना लांबलचक संध्याकाळ. घरातल्या सगळ्या बायका तिच्याभोवती बसल्या. लग्नाचे फोटो दाखवा म्हणाल्या. दाखवले. मग त्यांनी त्यांच्या घरातल्या लग्नांचे दाखवले. माझा अंदाज आहे, की त्या संध्याकाळी तिनं कर्नाटकातली बहुतेक सगळी लग्नं बघितली. सकाळी उजाडताच मालकीणबाईंनी तिला मायेनं उठवलं, देवळाला जाऊ म्हणून. उठवायची गरज नव्हती. ती जागीच होती.

निघताना ओटी झालीच. बरोबर भाकरी आणि शेंगदाण्याच्या चटणीचं गाठोडं दिलं.

गाडीत मी बोलत सुटलो. म्हणालो, आता सरळ नंदगड. तिथं रानात एक घर आहे भाड्याचं. अक्षरं मी वाटेत थांबून खरवडतो. तिथं आपल्याला वडाशिवाय कुणी ओळखत नाही. बोलता बोलता मलाच आठवलं, की वडापासून चार घरांवर माझा पंप आहे. तिचे डोळे लाल झाले होते आणि हात मांडीवर असे ठेवले होते, जसे कुणीतरी दुसऱ्यानं ठेवलेत. मनात म्हटलं, आता ही हुबळीची बस धरणार, आणि चूक तिची नसणार.

खानापूरकडं जायचं तर वाट टिळकवाडीवरूनच. आमचं वळण जवळ आलं तशी ती पहिल्यांदा बोलली.

"गाडी घराकडं नको. गॅरेजवाल्याकडं घ्या."

मला वाटलं गाडी बिघडली. ती म्हणाली, "गाडी त्याच्याकडं झाकून ठिवायची. रिक्षानं मागच्या गल्लीत यायचं. मागच्या दाराची किल्ली माझ्याजवळ हाय. पुढचं कुलूप तसंच ऱ्हाऊ दे."

"आणि कुणी इचारलं तर?"

"कोण इचारणार? आपण गोव्यात हाय."

मी गाडी चालवत होतो म्हणून, नाहीतर तिथंच तिच्या पाया पडलो असतो.

गॅरेजवाल्यानं गाडीवर ताडपत्री टाकली आणि काही विचारलं नाही. असा माणूस गावात एकच आहे. मागच्या गल्लीतनं आम्ही आमच्याच घरात असे शिरलो, जसे दरोडेखोर शिरतात. मांजर आम्हाला बघून पळून गेलं. चप्पल हातात, पडदे ओढलेले. बायको मुलीच्या खोलीत गेली, तिच्या पलंगावर आडवी झाली, आणि उशी नीट करायच्या आत झोपली. मी दारात उभा राहून बघत होतो. माझ्या छातीवरनं डिकीतले सगळे नारळ एकदम उतरले.

दुपारभर बेल वाजली. कितीदा ते मी मोजलं नाही. प्रत्येक वेळी पावलं यायची, बेल वाजायची, मग शेजारीण गॅलरीतनं सांगायची, "न्हाईत ती. गोव्याला गेल्यात." आणि पावलं परत जायची. असलं गोड संगीत मी आयुष्यात ऐकलं नाही. आत बायको कूस सुद्धा बदलत नव्हती. दबकून दबकून माझे मात्र हाल झाले. कुकर लावायचा नाही, शिट्टी होते. टीव्ही नाही. नारळांचं पोतं बरोबर आणलं होतं, पण एक फोडायची सोय नव्हती, गल्ली जागी झाली असती. निपाणीच्या त्या माउलीची भाकरी नसती, तर मी आज हे सांगायला नसतो.

तिसऱ्या प्रहरी फोन थरथरला. हुबळीची मेव्हणी. मी मोरीत जायला निघालो, पण पाय मुलीच्या खोलीच्या दारातच अडकला.

"दाजी, गोवा कसा हाय?"

एकदम शांत, मी कुजबुजलो.

"आक्का कुठं हाय?"

इथंच आहे, म्हणालो, किनाऱ्यावर पडलीय. आणि तेवढ्यात बायको घोरायला लागली. लांब, खोल, सगळा ताण बाहेर सोडत. एक लाट यायची, थांबायची, मागं सरायची, मग दुसरी यायची. मी फोन तसाच धरून ठेवला.

पलीकडनं मेव्हणीनं ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ऐकू येतोय बघा समुद्र. लई मोठ्या लाटा दिसत्यात."

आजच उठल्यात, मी म्हणालो.

बायको दिवस मावळताना उठली, परत झोपली, दुसऱ्या दिवशी उन्हं खिडकीत आल्यावर उठली. डोळ्यांतली लाली गेली होती. मी चहा केला, गॅस एकदम बारीक ठेवून, आणि कप तिच्या हातात दिला. तिनं घोट घेतला. बाहेर पुन्हा बेल वाजली. ती जागची हलली नाही. शेजारणीनं वरनं सांगितलं आम्ही कुठं गेलोय ते. पावलं गेली.

"बरं हाय हे गाव," ती म्हणाली. "पुढल्या सुट्टीला परत हिथंच येऊ."

ती अक्षरं अजून काचेवर आहेत. तिनंच राहू दे म्हटलं. सुट्टी जवळ आली की गाडी गॅरेजवाल्याकडं जाते, आणि भाचरांचे फोन आले की मी त्यांना नंदगड सांगतो, काकती सांगतो, निपाणी सांगतो. हे आमचं गाव सांगत नाही. कळलं तर गर्दी करतील.