जिनेंद्रच्या डब्यातले रंग

जयसिंग कुरणेकडे रिक्षा पुसायची तीन फडकी होती. एक काचेचं, एक पत्र्याचं आणि तिसरं, ललिताच्या जुन्या मऊ साडीचं, फक्त सीटसाठी. या तिसऱ्या फडक्याला घरात कुणी हात लावायचा नाही. सकाळी सहाला सिद्धार्थनगरातल्या बोळात तो रिक्षा पुसायला बसला की शेजारची माणसं म्हणायची, पोरीला न्हाऊ घालतंय बघा.

कोल्हापुरात हे वेड त्याच्या एकट्याचं नव्हतं. बाहेरगावचा पाहुणा इथल्या रिक्षात चढताना आत चप्पल घेऊन बसावं की हातात धरावी, अशा विचारात पडतो. दर एक मेला पेठेतल्या एका तालमीपुढं सजवलेल्या रिक्षांची स्पर्धा व्हायची. ढोल असायचा, मांडव असायचा, परीक्षक रिक्षाखाली वाकून चाकाच्या आतल्या बाजूला बोट फिरवून बघायचे. त्र्याण्णवपासून सत्त्याण्णवपर्यंत पाच वर्षांत चारदा पहिला नंबर जयसिंगचा आला. स्टँडवर नवीन माणूस आला की ज्ञानू चव्हाण, वयानं सगळ्यांत थोरला रिक्षावाला, त्याची ओळख ‘आमचा एक नंबर’ अशीच करून द्यायचा. जयसिंग मान खाली घालून हसायचा आणि ज्ञानू ते पुन्हा कधी म्हणतो याची वाट बघायचा.

रंग निवडायची ती ललिता, त्याची बायको. ती सकाळी एका जैन वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात कामाला जायची आणि दुपारी घरी शिलाई करायची. कुठल्या लाल रंगाशेजारी कुठला काळा बसतो, हे तिला कापड हातात घेतल्याबरोबर कळायचं. पडदे तिनं शिवलेले, सीटच्या कडेची दोऱ्याची वेल तिच्या हातची. मांडवात बक्षीस घेताना हे सांगायचं मात्र जयसिंगच्या कधी लक्षात आलं नव्हतं.

अठ्ठ्याण्णव साली गडमुडशिंगीचा जिनेंद्र मगदूम स्टँडवर आला. शेतकऱ्याचं पोरगं, आयटीआय झालेलं, नुकतं लग्न झालेलं. बोलायला मऊ. पहिल्या दिवशी त्यानं सगळ्यांना चहा पाजला आणि जयसिंगला म्हणाला, “मामा, तुमची रिक्षा बघूनच या धंद्यात आलोय बघा.” जयसिंगला पोरगं फार आवडलं. ते आवडणं एक मेपर्यंत टिकलं.

त्या वर्षी जिनेंद्रनं सीटला मेथीच्या पानासारखं गडद हिरवं रेक्झिन लावलं होतं. कडेनं खोबऱ्यासारखी पांढरी पट्टी आणि मधे मोजून सहा लाल बटणं. बाकी काही नाही. ना झुंबर, ना झालर, ना आरशांची नक्षी. जयसिंगच्या रिक्षात त्या साली एकवीस आरसे होते. परीक्षक एकवीस आरशांत आपापली तोंडं बघून पुढं गेले आणि हिरव्या सीटपाशी थांबले ते थांबलेच. माइकवाल्यानं जिनेंद्रला विचारलं, हे सुचलं कुठनं? तो लाजत म्हणाला, “घरच्या डब्यातनं.” मांडव हसला. सगळ्यांना वाटलं, पोरगं विनोदी आहे.

जयसिंग दुसरा आला. ते त्यानं गिळलंही असतं. पण परत येताना मागच्या सीटवर बसलेली ललिता आपल्याच नादात म्हणाली, “पोराच्या हाताला गुण हाय.”

आजवर इतकी बक्षिसं घरात आली, पण ललितानं त्याच्या हाताबद्दल असं वाक्य कधी उच्चारलं नव्हतं. ‘बरं झालं’ म्हणायची, शिल्ड फळीवर ठेवायची आणि भाकरी थापायला बसायची. तेव्हा जयसिंगला त्यात काही उणं वाटलं नव्हतं. आता वाटायला लागलं. पहिला नंबर परत मिळवायचा आणि ते वाक्य ललिताच्या तोंडून आपल्यासाठी ऐकायचं, एवढं एकच त्याच्या डोक्यात राहिलं.

पण एकदा डोळ्यात खुपायला लागलं की सगळंच खुपतं. जिनेंद्रचा इस्त्रीचा शर्ट खुपायला लागला. खिशाला लावलेलं पेन खुपायला लागलं. म्हाताऱ्या बायका जयसिंगची रिक्षा पुढं उभी असताना ‘त्या हिरव्यातनं जाऊया’ म्हणायच्या, ते तर फारच खुपलं.  मिसळीचा कट तो आधी तीनदा मागून घ्यायचा, आता एकदाच घेऊन उठायचा. पोटात आधीच एवढं जळत होतं, की वरून तिखट सोसेना.

पुढच्या साली जिनेंद्रनं पांढरी सीट केली. तिच्यावर मोहरीएवढे काळे ठिपके आणि कडेला कढीपत्त्याच्या पानांची हिरवी रांग. पहिला नंबर त्याचाच. कुणी विचारलं तर उत्तर तेच, घरच्या डब्यातनं. लोक पुन्हा हसले. जयसिंग हसला नाही. त्या रात्री अंथरुणावर त्याच्या डोळ्यांपुढं ती सीट आली आणि तो उठून बसला. तो दहीभात होता. फोडणी घातलेला दहीभात. म्हणजे आदल्या सालची ती मेथीची भाजी होती, वर खोबरं आणि लाल मिरचीचे तुकडे. पोरगं थट्टा करत नव्हतं, खरं सांगत होतं. सगळ्या गावात ते एकट्या जयसिंगला कळलं. द्वेष करणाऱ्या माणसाइतकं बारीक कुणी बघत नाही.

तिसऱ्या वर्षी जयसिंगनं पुन्हा आरशांचा बेत केला आणि तिसरा आला. त्यानंतर त्यानं ठरवलं, की आता डबाच गाठायचा.

दोन हजार एकचा एप्रिल उजाडला. सीट शिवून घ्यायला तीन आठवडे लागतात, म्हणजे जे काय बघायचं ते पहिल्या आठवड्यातच बघायला पाहिजे. अडचण अशी होती, की सोमवार ते शुक्रवार दुपारी बाराला जयसिंगला शाळेची पोरं घरी सोडायची असायची. डबे उघडायच्या वेळी तो स्टँडवर सापडायचा तो फक्त शनिवारी आणि रविवारी. पहिल्या रविवारी तो जिनेंद्रच्या रिक्षाशेजारी जाऊन उभा राहिला आणि उगाच त्याच्या टायरला लाथ मारून हवा बघितली. जिनेंद्रनं चार पुड्यांचा डबा सीटवर मांडला होता. “या मामा, जेवाय,” तो म्हणाला. “झालंय माझं,” जयसिंग म्हणाला. झालं नव्हतं. त्यानं मान पुढं काढून चारही पुडे नजरेत घेतले.

तुरीच्या डाळीचं घट्ट वरण, पिवळंजर्द. मटकीची तपकिरी उसळ. शेंगदाण्याची तांबूस चटणी. ज्वारीची राखी भाकरी. कुठं हिरवं पान नाही, काकडी नाही, मिरची नाही. जिनेंद्रची बायको चंदना हौशी आहे, रोज डब्यावर कोथिंबीर पेरते, हे अख्ख्या स्टँडला माहीत होतं. मग आज सगळा डबा मातीच्या रंगाचा कसा?  एका दिवसावर विसंबू नये म्हणून तो पुढच्या शनिवारी पुन्हा गेला. पुन्हा तेच. वरण, या वेळी मटकीऐवजी हुलग्याची उसळ, चटणी, भाकरी. हिरव्याचा ठिपका नाही.

आता शंकेला जागा नव्हती. यंदाचा बेत मातीच्या रंगांचा.

तो तडक गणपतराव कुशनवाल्याकडे गेला. मधे वरणाचा पिवळा, दोन्ही बाजूंना मटकीचा तपकिरी, छताला आतून भाकरीचा राखी आणि शिवणीला चटणीच्या रंगाचा जाड दोरा. गणपतरावांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, की वहिनींनी बघितलंय का हे. जयसिंगनं सांगितलं, की तिला यातलं काही कळवायचं नाही. या वेळी रिक्षा एकट्याच्या डोक्यानं सजवायची आणि ललिताला मांडवातच दाखवायची, असं त्यानं पक्कं केलं होतं. घरी तिनं दोनदा विचारलं, औंदा दोरा कुठला आणू? तो म्हणाला, औंदा दोरा नको.  शिलाई मशीनवर झाकण ठेवून तिनं त्यावर कपड्यांची चळत रचली.

एक मेला सकाळी जयसिंगनं मांडवापुढं रिक्षा लावली आणि वरची चादर ओढली. चार माणसं जवळ आली.  सावलीत ती सीट आणखीच मळकट दिसत होती. अखेर ज्ञानूनं आत डोकावून बघितलं आणि सावकाश म्हणाला, “जयसिंगा, बसायला जागा हाय, का डाळीचं पोतं उतरून घ्यायचं आधी?”

हसणं मांडवभर पसरलं. जयसिंग शेजारच्या रिक्षाकडे बघत होता. जिनेंद्रनं चादर काढली होती. आत सगळी कैरी होती. बाहेरून कच्चा हिरवा, आतल्या घडीला फिकट, जवळजवळ पांढरा, आणि एका कोपऱ्यात तिखट भुरभुरल्यासारखी लाल टिकल्यांची चिमूट. बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटत होतं. जयसिंगच्याही सुटलं, आणि त्याला स्वतःचाच राग आला.

ललिता गर्दीतून पुढं आली. तिनं पिवळ्या सीटवर हात फिरवला, तपकिरी बाजू बघितली, छताकडे बघितलं. मग हळूच विचारलं, “कुणाचं बघून केलासा हे?”

त्यानं सांगून टाकलं. खोटं बोलायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. डबा, टायर, वरण, हुलगे, सगळं. ललितानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “कुठल्या वारी बगितला डबा तुमी?”

“पयल्यांदा रविवारी. मग शनिवारी.”

“रविवारी आष्टमी हुती. शनिवारी चौदस. त्या दिवशी जैनांच्यात हिरवं खात न्हाईत.” तिनं कपाळाला हात लावला. “पंधरा वर्सं त्या हॉस्टेलात भाजी चिरतीया मी. आष्टमी-चौदसला चिरायचं काय नसतंय म्हणून लवकर घरला येतीया. त्या दोनी दिवशी तुमच्या आदी घरात हुते. एकदा इच्यारला असतासा मला.”

तिला हसू आवरत नव्हतं, आणि हसताना डोळ्यांत पाणीही होतं. जयसिंगला कळेना, की कशाचं किती आहे.

नंबर जाहीर झाले. पहिला जिनेंद्र. जयसिंगचं नाव कुठल्याच नंबरात नव्हतं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तो रिक्षाच्या मागं जाऊन उभा राहिला. तिथं जिनेंद्र शिल्ड काखेत मारून त्याला शोधत आला आणि सीटकडे बघताच थबकला. कुणी न सांगता त्याला कळलं. ज्याच्या घरचं ताट होतं, त्याला कळणारच.

“मामा, ही आमची चौदस की ओ.”

“तुज्या डब्यात बगून केलं,” जयसिंग म्हणाला. “चोरी केली. आता हास आणि जा.”

जिनेंद्र हसला नाही. तो गोंधळला होता. “मला वाटलं, तुम्हाला भूक लागलीया,” तो म्हणाला. “दोनदा आलासा, दोनदा झालंय म्हणालासा, आणि नजर डब्यावरनं हलंना. घरात सांगितलं तर चंदना मलाच बोलली. तोंडदेखलं बोलावलं असशील, म्हणाली. तवापास्नं दर शनिवार-रविवार तुमच्या वाटणीच्या दोन भाकरी जादा देतीया ती. तुम्ही काय परत आलाच न्हाईसा.”

जयसिंगला जमिनीत जावंसं वाटलं. पोरगा घमेंडखोर निघाला असता, निदान एकदा छद्मी हसला असता, तर जळायला काहीतरी आधार मिळाला असता. तीन वर्षं तो ज्याच्यावर डूख धरून होता, त्याच्या घरी गेले तीन आठवडे जयसिंगच्या वाटणीचं पीठ मळलं जात होतं. हा माणूस आपल्याला त्याचा हेवासुद्धा नीट करू देत नाही, असं त्याला वाटलं.

पुढच्या शनिवारी जिनेंद्रनं हाक मारली नाही, सरळ त्याचा हात धरून नेलं. रिक्षाच्या सीटवर, त्या कैरीच्या हिरव्या रंगावर बसून जयसिंग जेवला. कांदा नाही, लसूण नाही. कोल्हापुरी माणसाला हे जेवण म्हणजे आजाऱ्याचं पथ्य. पहिला घास त्यानं नाइलाजानं घेतला. दुसरा घास घेताना थांबला. हिंग, ओलं खोबरं, कोथिंबीर आणि कुठून तरी आमसुलाची बारीक कळ. कांदा-लसणाशिवाय आमटीला ही चव येतेच कशी, ते त्याला कळेना. त्यानं दोन्ही भाकऱ्या संपवल्या, वाटी बोटानं पुसून घेतली, आणि एवढी चव रोज एकट्या जिनेंद्रच्या वाट्याला येते म्हणून तो नव्यानं जळायला लागला.

घरी ललितानं विचारलं, कसा होता डबा. तो हात धूत म्हणाला, “अळणी.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्यानं हात पुसले, चप्पल सरळ केली, पाण्याचा तांब्या उगाच इकडचा तिकडे ठेवला. मग तिच्याकडे पाठ करून, कुणी ऐकू नये अशा आवाजात म्हणाला, “त्या पोरीच्या हाताला गुण हाय.”

 जरा वेळानं मशीनवरची कपड्यांची चळत खाली उतरवल्याचा आवाज आला. आणि पाठोपाठ ललिताचा प्रश्न आला, की ती डाळीची सीट उसवून कधी आणताय, का लोकांना अजून वर्षभर हसवायचंय. जयसिंग निमूटपणे पाना शोधायला लागला. वाकता वाकता त्याला आठवलं, की बायकोच्या हाताबद्दल आपण अजून काहीच म्हटलेलं नाही. म्हणावं असं वाटलं. पण एका दिवसात दोनदा कुणाची तारीफ करणं त्याच्यानं झालं नाही. तो पाना घेऊन बाहेर गेला आणि सीटचे नट सोडवायला बसला.