आडवे शब्द कोण भरतं?

आमच्या शिरगावच्या इमारतीत दोन घरांत मिळून एकच पेपर यायचा. त्यातल्या शब्दकोड्याचे आडवे शब्द खालच्या मजल्यावरचे काका भरायचे आणि पेपर माझ्या कडीला अडकवायचे. उभे शब्द माझे. संध्याकाळी काका वर येऊन एकेक शब्द असा समजावायचे, की वाटावं कोडं त्यांनीच रचलंय!

काका गेले. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दार उघडतो, तर कडीला पेपर! कोड्याचा विषय होता ‘पाहुणे’. आडवे शब्द सगळे भरलेले, त्याच हिरव्या शाईत, त्याच तिरक्या अक्षरात. शाई बोटाला लागली. पोरांना भुताच्या गोष्टी सांगून रडवणारा मी, कठडा धरून खाली उतरलो.

दारात काकू उभ्या होत्या. हातात हिरवं पेन.

“काकू, हे तुम्ही...?”

“पहिल्यापासून मीच रे. ह्यांना मी दुपारी पढवायचे, मग हे वर येऊन भाव खायचे.”

“आणि मी त्यांना गुरू मानत होतो!”

“माहितीये. जिन्यात उभी राहून ऐकायचे ना मी.” मग हळूच म्हणाल्या, “आता नुसता पेपर पाठवत राहिले, तर चालेल?”

“नाही चालणार,” मी म्हटलं. “संध्याकाळी वर या. समजावणार कोण?”