बागेत काठी आणू नये, हा नियम कुणी केला?

मित्रांनो, दुपारपासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय, म्हणून कम्युनिटीवर लिहितोय.

आज माझे मामा घनसावंगीहून जीपनं आले. त्यांची हयात मेंढ्या राखण्यात गेली. आता गुडघ्यांमुळे काठीशिवाय चालवत नाही. त्यांना नगरपालिकेच्या बागेत नेलं, तर वॉचमननं फाटकातच अडवलं.

"काठी आत न्हेता येणार न्हाई. बोर्डावर लिव्हलंय."

"मंग मी हितंच बसतो," मामा म्हणाले, "तू ये फिरून."

मला वाईट वाटलं, पण असा नियम कशासाठी केला असेल, हेही कळेना. नगरपालिकेचं ऑफिस शेजारीच होतं, तिथं जाऊन विचारलं. बागेचं काम बघणाऱ्या बाईंनी ठरावांचं जुनं रजिस्टर काढलं. लोक काठ्यांनी चिंचा पाडायचे, फांद्या मोडायचे. कुणीतरी तक्रार केली, सभेत ठराव झाला, बोर्ड रंगवला. टेकायच्या काठीचा विचार कुणाच्या मनातही आला नव्हता.

"मंग आता बदलायचा कसा?" मी विचारलं.

"अर्ज द्या, पुढच्या सभेत ठेवते. इतक्या वर्षांत कुणी विचारलंच न्हाई बघा."

अर्ज मी लिहिला, सही मामांनी केली. बाई स्वतः फाटकापर्यंत आल्या आणि वॉचमनला म्हणाल्या, "सभा होईस्तोवर बाबांना सोडत जा."

मामांनी बागेला दोन चकरा मारल्या.

तुमच्या गावच्या बागेतला कोणता नियम तुम्ही कारण न विचारता पाळत आलात?