गाठींच्या गोडाऊनमधली हाक

“चार वाजता पूजा ठेवलीय, मॅडम. सगळ्या बायकांना गोडाऊनमध्ये बसवू, शटर खाली घेऊ. भगत बोलावलाय. उद्यापासून काम सुरळीत,” मॅनेजर म्हणाले.

तेव्हा सव्वाबारा झाले होते. धुळ्याजवळच्या एका जिनिंग कारखान्यात मी तपासणीला आले होते. मी कारखाना निरीक्षक आहे. यंत्रांना संरक्षक जाळ्या आहेत का, आग लागली तर बाहेर पडायला वाट आहे का, कामगारांना जेवायला-बसायला जागा आहे का, हे बघणं माझं काम. यावेळची तक्रार निनावी आणि एका ओळीची होती. ‘गोडाऊनमध्ये मेलेली बाई हाक मारते, लक्ष द्यावे.’ परवानगीवर सही करताना आमचे साहेब म्हणाले होते, “भुताला नोटीस कोणत्या कलमाखाली काढणार?”

जिनिंगमध्ये कापसातून सरकी वेगळी करतात. उरते ती रुई. ती प्रेसमध्ये दाबून तिच्या गाठी बांधतात. एक गाठ दोन माणसांना हलत नाही. अशा गाठी गोडाऊनमध्ये छतापर्यंत रचलेल्या होत्या. बायकांना जेवायला वेगळी खोली नव्हती. थंडीचे दिवस. त्यामुळे त्या गाठींच्या आड, कोपऱ्यात डबे उघडायच्या. वारा लागू नये म्हणून शटर खाली. ये-जा बाजूच्या लहान दारातून.

त्या कोपऱ्यात सखूबाई नावाची कामगार बसायची. दिवाळीच्या आधी ती आजारी पडून घरीच वारली. आता पंधरा दिवसांपासून ती हाक मारत होती. रंजना नावाची एक बाई तर आदल्या दिवशी तिथेच कोसळली. मुकादमाने सांगितलं, तिच्या अंगात आलं. तिला घरी पाठवून दिलं होतं.

मी सुमनबाईंना गाठलं. सगळ्यांत जुन्या कामगार. सगळे त्यांना अक्का म्हणत.

“अक्का, तुम्ही स्वतः ऐकलं?”

“बठ्ठ्यास्ले ऐकू येस. मना नाव लिसन हाक मारस.” सगळ्यांनाच, आणि नाव घेऊन; अहिराणीत हे सांगताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. “तुम्ही तठे बसा. मंग समजी.”

मी म्हटलं, चला, बसू.

आत धूप आणि अगरबत्तीचा इतका वास होता की घसा खवखवला. सखूला शांत करायला बायका रोज दोन्ही लावत होत्या. रुईच्या गोडाऊनमध्ये उघडा विस्तव. मी वहीत पहिला मुद्दा तोच लिहिला आणि जळत होतं ते विझवायला लावलं. मग आम्ही दोघी कोपऱ्यात पोत्यांवर बसलो. बाहेर मशीन चालू होत्या, पण गाठींमुळे आवाज अगदी लांबून येत होता. रुई आवाज पिऊन टाकते. दाराच्या फटीतून येणाऱ्या उजेडात तंतू तरंगत होते, खाली बसत नव्हते.

दहा-पंधरा मिनिटांनी माझं डोकं जड झालं. वाटलं, सकाळपासून चहा नाही, म्हणून असेल. समोरची गाठ फुगतेय आणि बसतेय असं दिसायला लागलं. श्वास घेतल्यासारखी. मी नजर काढून घेतली. पुन्हा बघितलं. तेच.

आणि मग माझ्या मागून, अगदी जवळून, बाईच्या आवाजात हाक आली. “सुजाता.”

माझ्या मागे भिंत होती. त्या कारखान्यात मला नावाने ओळखणारं कोणी नव्हतं. सगळे मॅडम म्हणत होते.

अक्कांनी माझा हात घट्ट धरला. “आयकं ना?”

“हो. काय म्हणाली ती?”

“सुमन म्हने.”

मी त्यांच्याकडे बघत राहिले. हाक एक, आणि दोघींना दोन वेगळी नावं ऐकू आली. म्हणजे आवाज बाहेर कुठे नव्हताच. तो आमच्या डोक्यात होता. आणि तो डोक्यात कशाने येतो, हे मला नोकरीच्या पहिल्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं.

“अक्का, उठा. आत्ता.”

आम्ही एकमेकींना धरून बाहेर आलो. दारातच मला उलटी झाली. गॅस मीटर गाडीत होता. जिनिंगमध्ये कसला गॅस, म्हणून मी तो बरोबर घेतला नव्हता. चूक माझीच. ड्रायव्हरने आणून दिला. लहान दारातून हात आत घातला, तर मीटर बोंबलायला लागला.

कार्बन मोनॉक्साइड. हवा कमी मिळून काही आतल्या आत धुमसत राहिलं की हा गॅस होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातली प्राणवायूची जागा तो घेतो. आधी डोकं दुखतं, मग भास होतात, मग माणूस झोपतो. उठतोच असं नाही.

“बायकांना मैदानात काढा. मशीन बंद करा. फायर ब्रिगेडला फोन लावा,” मी मॅनेजरना म्हटलं.

“सीझन आहे मॅडम. आणि धूर कुठे दिसतोय? भगत निघालाय तिकडून.”

“छत्तीस बायका शटर बंद करून तासभर आत बसल्या असत्या. पुढचं तुम्ही सांगा.”

मग त्यांनीच फोन लावला.

शटर लगेच उघडलं नाही. आतल्या विस्तवाला एकदम हवा मिळाली तर भडका उडतो. बंब आला, पाण्याचे पाइप तयार झाले, मगच शटर वर गेलं. जवान तोंडाला मास्क लावून एकेक गाठ चाचपत गेले. कोपऱ्यातल्या तळाच्या थरात एक गाठ गरम लागली. वरच्या गाठी उतरवून ती मैदानात ओढून आणली. बाहेरून पांढरीशुभ्र. तिची पट्टी तोडली. वरची रुई पांढरी, खालची पिवळी, मग काळी, आणि मधोमध नारळाएवढा लाल निखारा. वारा लागताच त्याने पेट घेतला. मशीनमधली एखादी ठिणगी रुईबरोबर दाबली गेली असणार. पंधरा दिवस ती गाठ आतून जळत होती, आणि तिचा जळका वास धुपाच्या वासात लपला होता.

बायका लांब उभ्या राहून बघत होत्या.

रंजनाला त्याच दुपारी आम्ही घरून उचलून सिव्हिलला नेलं. ती वाचली. पण महिन्याने भेटले तेव्हा स्वतःच्या धाकट्या मुलीचं नाव तिला पटकन आठवलं नाही. मुलगी शेजारीच उभी होती. डॉक्टर म्हणाले, असं होतं, वेळ लागेल.

गोडाऊनला वापरबंदीचा आदेश मी जागेवरच दिला. जेवणाची खोली पुढच्या महिन्यात बांधून झाली, खिडक्यांसकट. ती बघायला गेले तेव्हा मी अक्कांना गॅसचं सगळं नीट समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“गॅस व्हई, मॅडम,” त्या म्हणाल्या. “पन नुसतं डोकं दुखस म्हनतूत, तर कोन उनं व्हतं?”

कोणीच आलं नसतं, मीही नाही. डोकेदुखीची तक्रार आली असती, तर ती इतर कागदांखाली गेली असती.

आता नव्या निरीक्षकांच्या ट्रेनिंगला मला बोलावतात. मी त्यांना एवढंच सांगते: एका कामगाराला भास झाला, तर डॉक्टरकडे पाठवा. दहाजणींना झाला, तर आधी हवा तपासा.