इंटिग्रेटिंग फॅक्टर कुठून आला?

"सीईटीला किती होते तुला?"

भर वर्गात सरांनी विचारलं. डिफरन्शियल इक्वेशनचा तास होता. मी हात वर केल्ता. एवढंच विचारलं होतं की, सर, हा इंटिग्रेटिंग फॅक्टर आला कुठून? समीकरणाला त्यानंच का गुणायचं?

मी मार्क सांगितले.

"कॅटेगरी?"

तीही सांगितली. सगळा वर्ग ऐकून राह्यला होता.

"मग बरोबर. जागा राखीव असते, डोकं राखीव नसतं. सूत्र पाठ कर. पास होशील."

वर्ग हसला. माझ्या शेजारची, रोज माझ्या डब्यातली चटणी खाणारी, तीही हसली. मी खाली बसले. कान तापले. फळ्यावरचं वहीत उतरवत राहिले, मुकाट. त्या मुकाटपणाची आजही घाण वाटते.

कॉलेज सुटल्यावर जालन्याहून एसटीनं अंबडला घरी आले. माय शाळेत खिचडी शिजवते. तिला सगळं सांगितलं. वाटलं, रडंल. तिनं विचारलं, "त्यानं इचारलेलं तू सांगितलंस. तू इचारलेलं त्यानं सांगितलं का?"

"न्हाई."

"मंग खाली कामून बसलीस?"

तिच्या शब्दांची चपराक बसली.

लायब्ररीतून दोन पुस्तकं काढली. चार दिवस समीकरण उलटंपालटं केलं. पाचव्या दिवशी सापडलं. डावी बाजू एकाच गुणाकाराचं डेरिव्हेटिव्ह व्हावी, म्हणून तो फॅक्टर शोधून काढायचा. आभाळातून पडत न्हाई तो. दोन ओळींचं उत्तर. त्या माणसानं त्या दोन ओळी सांगायच्या सोडून माझी जात विचारली.

पुढच्या तासाला उभी राहिले. "सर, माझा प्रश्न राहिलाय."

"खाली बस."

"न्हाई बसत. तुम्हाला येत नसंल तर मी सांगते."

फळ्यापाशी गेले. खडू उचलला. अक्षर वाकडं आलं, तरी दोन्ही ओळी लिहिल्या. कोणी हसलं न्हाई. टाळ्याही कोणी वाजवल्या न्हाईत. सर वर्ग सोडून गेले.

इंटर्नलला त्यांनी मला पासापुरतेही मार्क दिले न्हाईत. मी प्राचार्यांकडं अर्ज दिला, सरांचं वाक्य जसंच्या तसं लिहून. विभागप्रमुखांनी बोलावून घेतलं.

"पोरी, अजून तीन वर्षं इथंच काढायचीत तुला. अर्ज मागे घे."

मी म्हटलं, "हे लेखी द्या."

दिलं न्हाई. अर्जाची पोच माझ्याकडं आहे. इथं न्हाई हललं तर विद्यापीठात जाईन. तिथं न्हाई तर कोर्टात. डिग्री मी घेणारच. तोंड मिटून घेणार न्हाई.