शंकोबाची पांढरी रेघ

ट्रॅकच्या फाटकाशी भर उन्हात बॅटरी लावून गाडीखाली डोकावणारा एकच माणूस होता आणि त्याला सगळे शंकोबा म्हणत. तोंडावर काका, पाठीमागे शंकोबा. त्यालाही ते ठाऊक होतं. कोण कुठे उभं राहून म्हणतं, हेसुद्धा ठाऊक होतं.

काम तसं साधंच. आयुष्यात पहिल्यांदा ट्रॅकवर गाडी पळवायला आलेल्या हौशी माणसांच्या गाड्या तपासायच्या आणि धड असतील तर काचेवर हिरवी चिकटी लावायची. चिकटी नाही तर ट्रॅक नाही. पण शंकोबा गाडीआधी माणूस तपासायचा. नजर चुकवतोय का, गरजेपेक्षा जास्त हसतोय का, "काका, सगळं नवीन टाकलंय" असं न विचारता सांगतोय का. नवीन शब्द ऐकला की त्याच्या कपाळावर आठी पडायची.

"जुनं निदान टिकलेलं तरी असतं," तो म्हणायचा.

घरीही तीच तऱ्हा. काकू रोज सकाळी देवासमोर उभ्या राहत, हा शेजारी हात जोडून उभा, पण एक डोळा किलकिला.

"अहो, देवासमोर तरी दोन्ही डोळे मिटा."

"देवावर माझा पूर्ण विश्वास आहे. ती समई जरा कलती आहे, तिच्यावर नाही."

आणि समई खरंच कलती निघायची, तेव्हा काकूंनी बोलणंच सोडून दिलं होतं.

त्या रविवारी रांगेत तिसरी गाडी पुतणीची होती. धाकट्या भावाची ही मुलगी लहानपणी याच्याच गाडीदुरुस्तीच्या शेडमध्ये वाढली म्हणायची. दप्तर टाकलं की उलट्या बादलीवर बसून काकासाठी बॅटरी धरायची. वर्षभरापूर्वी लग्न झालं होतं. ट्रॅकवर यायचं तिने काकाला कळवलं नव्हतं. शंकेची पहिली पाल तिथेच चुकचुकली.

"काय बदललंयस गाडीत?"

"स्प्रिंगा. जरा कडक घातल्यात. बाकी काही नाही."

"कोणी घातल्या?"

"काका, रांग खोळंबलीय. बघा ना तुम्ही."

ती बोनेटकडे बघून बोलत होती. जावईबापू लांब कुंपणाशी फोन कानाला लावून उभे होते आणि शंकोबाने पाहिलं की पाठ वळवत होते. झालं! सगळं काम या पठ्ठ्याचं. कुठेतरी वाचलं असेल की गाडी खाली बसवली आणि कडक केली की वळणावर चिकटते, आणि पोरीला पुढे केलं.

तो खाली वाकला. एकेक कोपरा हाताने दाबून सोडला. गाडी एकदा वर आली आणि गप बसली, म्हणजे शॉकअप ठीक. सगळे बोल्ट घट्ट. आणि प्रत्येक बोल्टवरून नटापर्यंत रंगाची बारीक पांढरी रेघ ओढलेली. बोल्ट सैल होऊन फिरला तर रेघ तुटते आणि लांबूनही कळतं. ती युक्ती शंकोबाचीच. जावयाने तीही उचलली म्हणायची!

एकही रेघ तुटलेली नव्हती. दुसरा कोणी असता तर चिकटी लावून मोकळा झाला असता. हा मात्र चाक आणि पत्र्यामधल्या फटीत बोटं घालून मोजत बसला. पुढे दोन्हीकडे तीन बोटं. मागे डावीकडे तीन. मागे उजवीकडे चार.

"इथे एक बोट जास्त का?"

"सामान असेल डिकीत."

"सामानाने गाडी खाली बसते, वर नाही उठत. चल, मी शेजारी बसतो. दोन फेऱ्या सावकाश मार."

पुतणी चांगली चालवत होती. नजर पुढच्या वळणावर, हात हलके. उजव्या वळणांवर गाडी नाक थोडं हट्टाने वळवत होती, पण तक्रार करावी असं काही नाही. डावं वळण आलं आणि मागून कोणीतरी पदर धरून ओढावा तशी गाडीची शेपटी बाहेर निघाली. पुतणीने दचकून पाय उचलला, तशी आणखीच निघाली.

"पाय उचलू नकोस! तसाच ठेव. जायचंय तिकडे बघ!"

गाडी सावरली. सावकाश होती म्हणून सावरली. फेरी अर्धी टाकून शंकोबाने गाडी तपासणीच्या खड्ड्यावर घ्यायला लावली, तिच्याखाली शिरला आणि या वेळी बोल्ट न बघता बोल्टाभोवतालचं रबर बघितलं. डावीकडचं सरळ होतं. उजवीकडचं पिळून दोरीवर टाकलेल्या चादरीसारखं वळलं होतं.

आता त्याला सगळं कळलं. गाडी जॅकवर चढवलेली असताना चाक खाली लोंबत असतं. तसंच ठेवून बोल्ट आवळला की रबर त्या लोंबत्या जागी पकडलं जातं, आणि गाडी जमिनीवर आली की बिचारं पिळवटतं. मग ते त्या कोपऱ्याला सतत वर ढकलत राहतं. वजन तिरकं बसतं आणि गाडी एका वळणावर मेंढी, दुसऱ्यावर बोकड! नवशिक्याला वाटतं, आपलंच चुकलं.

तो ग्रीसचे हात घेऊन तरातरा कुंपणाशी गेला.

"जावईबापू, बोल्ट हवेतच आवळलेत ना?"

जावईबापूंनी फोन खाली घेतला. "कसले बोल्ट?"

"उगाच भोळेपणा नको. पोरीचा जीव आहे."

"काका, मला चाकात हवा भरता येत नाही. ग्रीस दिसलं की मला आंघोळ करावीशी वाटते. म्हणून तर इतक्या लांब उभा आहे."

त्यांच्या इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टाकडे पाहून शंकोबाला ते पटलं, आणि पटलं म्हणून जास्तच राग आला.

"त्यांना काय विचारता," मागून पुतणी म्हणाली. "मी केलंय. सगळं मी केलंय."

"तू? मग सांगितलं का नाहीस?"

"माझं आहे म्हणून तुम्ही डोळेझाक केली असती, नाहीतर माझं आहे म्हणून हटकून नापास केलं असतं. मला परक्याच्या गाडीसारखी पास व्हायची होती."

"मग परक्यासारखंच सांगतो, नापास! हवेत आवळायला कोणी शिकवलं?"

या वेळी तिने सरळ त्याच्याकडे पाहिलं.

"तुम्ही."

"मी? शक्यच नाही."

"बेकरीवाल्या काकांची गाडी आठवते? मी अकरा वर्षांची होते, बॅटरी धरून. तुम्ही म्हणालात, 'कच्चं काही सोडायचं नाही, खाली उतरवायच्या आधी आवळून टाकायचं, वर रेघ ओढायची.' तसंच केलं. डावीकडे जॅक हळूहळू बसत होता, म्हणून तेवढं चाक टेकवून आवळलं. ते चुकलं असं मला वाटत होतं."

शंकोबा तिथेच एका टायरवर बसला. रबराची गोष्ट त्याला कळली होती ती त्यानंतर तीन-चार वर्षांनी. कळल्यावर त्याने आपली पद्धत बदलली. पण आधी जे आवळलं होतं, त्याकडे वळून कधी पाहिलं नव्हतं. जगावर शंका घेणाऱ्या माणसाने एका माणसाला तेवढं सोडलं होतं, स्वतःला.

बेकरीवाला त्याचा जुना मित्र. पंधरा वर्षांपूर्वी स्प्रिंगा बदलल्यावर पहिल्याच रविवारी त्याची गाडी याच ट्रॅकवर डाव्या वळणावर भिंतीला धडकली. मनगट मोडलं ते कायमचं आखडलं. आणि तेव्हापासून दर रविवारी नवशिक्यांना द्यायच्या भाषणाची सुरुवात शंकोबा एकाच वाक्याने करायचा: "एक बेकरीवाला होता, त्याने वळणात ब्रेक मारला."

"चल," तो उठून पुतणीला म्हणाला. "बस तुझ्या जागेवर."

ती गाडीत बसली. चारही चाकं जमिनीवर, चालवणारीचं वजन आत. त्याने खड्ड्यात उतरून उजवीकडचा बोल्ट सैल केला. रबर टक् करून सुटलं आणि कोपरा बोटभर खाली आला. बोल्ट पुन्हा आवळला. जुनी रेघ पुसली. नवी ओढायला ब्रश तिच्या हातात दिला.

"तूच ओढ."

पुन्हा दोन फेऱ्या झाल्या. डाव्या वळणावर या वेळी काही झालं नाही. चिकटी लावताना तो म्हणाला, "कडक स्प्रिंगांची अजून तुला गरज नव्हती, ते वेगळं."

"माहितीय. पण घालायच्या होत्या."

अकरा वाजता नवशिके ट्रॅकवरच्या शेडमध्ये जमले. त्याच वेळेला बेकरीवाला पावाचे ट्रे घेऊन कॅन्टीनला यायचा, उजव्या हातावर पेलून, डावा नुसता टेकवून. आणि दर रविवारी दाराशी थांबून स्वतःची गोष्ट ऐकायचा.

"पहिल्या दिवशी गाडीत काही बदलू नका," शंकोबाने सुरुवात केली. "टायरमधली हवा, ब्रेक आणि स्वतःची नजर, एवढं तपासा. एक बेकरीवाला होता..."

तो थांबला. दारातला ट्रे हलला नाही.

"त्याच्या गाडीचे बोल्ट मी आवळले होते. चुकीचे. पंधरा वर्षं मी दोष त्याच्यावर ढकललाय."

भाषण कसंबसं संपलं, गाड्या सुटल्या. शंकोबा कुंपणाशी जाऊन डाव्या वळणाकडे बघत उभा राहिला. बेकरीवाला शेजारी आला. पुतणीची गाडी वळणात शिरली आणि ओळ न सोडता बाहेर पडली, सुतासारखी सरळ.

"ब्रेक मी मारला होता रे," बेकरीवाला म्हणाला. "ते खोटं नव्हतं."

शंकोबाने त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या आखडलेल्या मनगटाकडे.

"खरंच मारला होतास, की मला बरं वाटावं म्हणून म्हणतोस?"

बेकरीवाला हसला आणि ट्रे उचलायला गेला.